पाच खाती, एक बाळंतीण

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी परभणी जिल्ह्यातल्या पालम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सावित्रीबाईंना आपण पहिल्या शिक्षिका म्हणून ओळखतो. आज मला त्यांचं दुसरं काम आठवतंय. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. अडचणीत सापडलेल्या विधवेनं तिथं यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल नेता आलं तर न्यावं, नाही तर तिथंच ठेवून जावं, अशी सोय होती. अशाच एका बाईचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्याच यशवंतरावांना बोलावून सावित्रीबाईंनी पुण्याजवळ दवाखाना सुरू केला आणि रोग्यांची सेवा करता करता 10 मार्चला त्या गेल्या. बाई दारात आल्यापासून तिचं बाळंतपण, तिचं खाणंपिणं, तिचं मूल, त्या मुलाचं शिक्षण, हे सगळं एकाच घरानं अंगावर घेतलं होतं. ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं त्या घरात कुणी म्हणत नव्हतं.

आज सरकारकडे पैसा आहे, माणसं आहेत, योजना आहेत. 2018-20 च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू होत होते, देशात 97. बालमृत्यू कमी करण्यातही राज्य देशाच्या पुष्कळ पुढे आहे. शंभरातली जवळपास 95 बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. हे यश मोठं आहे आणि त्यातला फार मोठा वाटा या समोर बसलेल्या आशाताई, अंगणवाडीताई आणि सिस्टर यांचा आहे. तरीही पालमसारख्या तालुक्यात एखादी बाई वाटेत दगावते किंवा अडीच किलोचं जन्मलेलं मूल वर्षाच्या आत सुकत जातं, तेव्हा ते प्रकरण नेमकं कुणाचं होतं हे शोधायला बसावं लागतं. हे शोधावं का लागतं, एवढंच आज मला बोलायचं आहे.

एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला मी नाव देत नाही, कारण अशा अनेक जणी या तालुक्यात आहेत. एखाद्या तांड्यावरची किंवा वाडीवरची, वय एकोणीस. लग्न अठराच्या आत झालेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या 48 टक्के बायकांचं लग्न अठरा वर्षांच्या आधी झालेलं आढळलं. राज्याचा आकडा 21.9 होता. म्हणजे ही मुलगी आपल्या जिल्ह्यात अपवाद नाही, ती आपल्या जिल्ह्याचं सरासरी चित्र आहे. तिला दिवस गेले. आशाताईंना कळलं, उपकेंद्राच्या सिस्टरनं नाव नोंदवलं, माता व बाल संरक्षण कार्ड दिलं. अंगणवाडीताईंनी पोषण ट्रॅकरवर नोंद करून घरी न्यायचा आहार सुरू केला. हिमोग्लोबिन आठ निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या. इथपर्यंत सगळं नीट.

मग दसरा झाला आणि ऊसतोडीची टोळी निघाली. नवऱ्यानं मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली होती, ती दोघांच्या नावावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यातली एक पोटुशी आहे म्हणून उचल कमी होत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागातून दरवर्षी माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. कार्ड घरातल्या डब्यात राहिलं. फडावर पहाटे चारला उठून मोळ्या बांधणं, डोक्यावरून गाडीत चढवणं. गोळ्या संपल्या. तिथल्या अंगणवाडीच्या यादीत ती नाही, इथल्या यादीत ती आहे पण गावात नाही. फाल्गुन-चैत्रात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ती परत येते, नवव्या महिन्यात, रिकाम्या कार्डासह. किंवा परत न येता फडावरच बाळंत होते.

आता या मुलीला किती हात लागले ते मोजा. सिस्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या छत्राखालचं, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखालचं. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. पालमचं ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं, पण ते जिल्हा परिषदेला उत्तर देत नाही, ते जिल्हा शल्यचिकित्सकांना उत्तर देतं. गुंतागुंत झाली आणि तिला नांदेडला विष्णुपुरीला पाठवलं, तर तिथलं शासकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. 2023 मध्ये परभणीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ते फार चांगलं झालं, पण त्यासोबत जिल्ह्याच्या ठिकाणी आणखी एका खात्याची भिंत उभी राहिली. ऊसतोड कामगारांचं गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ सामाजिक न्याय खात्याकडे, त्याचं ओळखपत्र ग्रामसेवकाच्या हातून. पाच खाती, एक बाई. यातल्या प्रत्येकानं आपलं काम चोख केलं, तरी ती मधल्या फटीतून खाली पडू शकते. कारण एका खात्याच्या दारातून दुसऱ्या खात्याच्या दारापर्यंत ती सुखरूप पोचली का, हे पाहणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

मी बरीच वर्षं जिल्हा पातळीवरच्या आढावा बैठका जवळून पाहिल्या. आरोग्याच्या बैठकीत लसीकरणाची टक्केवारी वाचली जाते, बालविकासाच्या बैठकीत वजनाची टक्केवारी. एकाच गावातल्या सहा वर्षांखालच्या मुलांची संख्या दोन्ही कागदांवर वेगळी असते आणि कुणाला त्याचं आश्चर्य वाटत नाही. मला यात सगळ्यात मोठा धोका दिसतो. मुलं मोजण्यात फरक असेल, तर मेलेली मुलं मोजण्यातही फरक असणार. 2001 मध्ये डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या काही संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला तो नेमका यावर होता: सरकारी नोंदीत न आलेल्या बालमृत्यूंवर. त्यानंतर सरकारनं बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, अध्यक्ष डॉ. बंगच. बंग दांपत्यानं त्याआधी गडचिरोलीत दाखवून दिलं होतं की गावातल्याच शिकवलेल्या बाईनं नवजात बाळाला घरी जाऊन पाहिलं तर नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटतात. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाकडे जातात, ते त्याच कामातून आलेलं आहे. पण आशाताईंनी बेचाळिसाव्या दिवशी टिपलेलं वजन अंगणवाडीच्या वहीत आपोआप जात नाही. एकाच बाळाला एका महिन्यात दोघी दोनदा तोलतात आणि दोघींनाही एकमेकींचा आकडा माहीत नसतो.

खात्यांना एकत्र आणणं कधीच जमलं नाही असं म्हणणाऱ्यांना मी एक आठवण करून देतो, कारण ती आपल्याच मराठवाड्याची आहे आणि आपणच ती विसरलो. 2001-02 मध्ये वैजापूर तालुक्यात कुपोषणानं मुलं दगावल्याचा बोभाटा झाला. तेव्हाच्या औरंगाबाद विभागाचे आयुक्त व्ही. रमणी. त्यांनी चौकशी आणि निलंबन यावर भागवलं नाही. विभागातल्या आठही जिल्ह्यांत, म्हणजे परभणीतही, त्यांनी अगदी साध्या गोष्टींपासून सुरुवात केली. रिकामी पदं भरा. प्रत्येक मुलाचं दरमहा वजन करा आणि खरं लिहा. तीव्र श्रेणीतलं मूल सापडलं की डॉक्टरांनी ते पाहिलंच पाहिजे. आणि आरोग्य व बालविकास यांचा आढावा एकाच टेबलावर, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसमोर. सुरुवातीला तीव्र कुपोषित मुलांचा आकडा वाढला, कारण खरं लिहायला लागले. आकडा वाढल्यावर खालच्या माणसाला झापायचं नाही, ही त्या कामाची पहिली अट होती. मला ती फार मोलाची वाटते. खऱ्या आकड्याला शिक्षा मिळाली की पुढच्या महिन्यापासून खोटा आकडा सुरू होतो, हे कुठल्याही अंगणवाडीताईला विचारा.

याच अनुभवातून मार्च 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. राज्य पातळीवर असं मिशन देशात पहिलंच. मुख्यालय औरंगाबादलाच, पहिले प्रमुख रमणी, युनिसेफचा हात. मिशनकडे वाटायला स्वतःची योजना नव्हती. दोन खात्यांना एकमेकांशी बोलायला लावणं, हेच त्याचं काम. 2012 मध्ये राज्यात पोषणाची स्वतंत्र पाहणी झाली. 2005-06 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांत खुजेपणाचं प्रमाण सुमारे 39 टक्के होतं, ते 23-24 टक्क्यांच्या आसपास उतरलेलं दिसलं. परदेशातले अभ्यासक हे कसं झालं ते पाहायला महाराष्ट्रात आले. उत्पन्न वाढलं, बायका शिकल्या, हेही कारण होतंच, पण खाती एकत्र बसली हे त्यांनीही नोंदवलं.

मग पुढे काय झालं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुजी निघाली, त्याआधीच्या फेरीत 34. म्हणजे पाच वर्षं आपण जागच्या जागी. ही पाहणी पाच वर्षांखालच्या मुलांची आहे आणि 2012 ची दोन वर्षांखालच्यांची, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांना लावू नयेत. पण खुजेपणाची घसरण थांबली, एवढं त्यातून निश्चित दिसतं. त्याच पाहणीत राज्यातली शंभरातली 69 लहान मुलं आणि 54 बायका रक्तानं कमी निघाल्या. माझं मत स्पष्ट आहे. मराठवाड्याचं ते काम अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभं होतं, नियमावर नव्हतं. अधिकारी बदलला की टेबलं पुन्हा दोन झाली. याउलट आदिवासी जिल्ह्यांत मेळघाटातल्या मृत्यूंनंतर 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली. तिच्यात आरोग्य, धान्य, रोजगार, आहार यांना जिल्हाधिकाऱ्यांसमोर एकत्र बसणं शासन निर्णयानं बंधनकारक झालं. गरोदर बाईला बाळंतपणाआधी आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवणारी माहेरघरं तिथं आहेत. पालम आदिवासी तालुका नाही, म्हणून इथं यातलं काही नाही. पण लेंडीला पूर आल्यावर नदीपलीकडच्या वाडीत अडकलेल्या बाईची स्थिती मेळघाटातल्या बाईपेक्षा वेगळी असते का?

अंतराकडे जरा नीट पाहू. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही तर बाईच्या हातात तासदोन तास असतात. पालमहून गंगाखेडचं उपजिल्हा रुग्णालय पंचवीसएक किलोमीटर, नांदेड किंवा परभणी साठीच्या घरात. रक्त आणि भूल देणारा डॉक्टर कुठल्या रात्री कुठं आहे, हे माहीत असेल तर तेवढ्या वेळात ती वाचते. माहीत नसेल तर ती पालमहून गंगाखेड, गंगाखेडहून परभणी अशी फिरते आणि प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो. ‘रेफर केलं’ असं कागदावर लिहिलं की पाठवणाऱ्याची जबाबदारी संपते. माझ्या मते ती तिथं संपू नये. पुढच्या रुग्णालयानं फोनवर ‘आणा, आम्ही तयार आहोत’ असं सांगून ती तिथं दाखल होईपर्यंत ती बाई पाठवणाऱ्याचीच असावी. 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. अनेक रुग्ण बाहेरून अखेरच्या अवस्थेत आले होते, असं तेव्हा सांगण्यात आलं. ते खरं मानलं, तर पुढचा प्रश्न आपल्यासारख्या तालुक्यांकडे येतो: ही बाळं कुठून निघाली, किती दारं फिरली, कुठं किती वेळ गेला? हे शोधायला मृत्यूचं अन्वेषण असतं. ते होतंही. पण त्याचा निष्कर्ष ज्या सिस्टरच्या, ज्या आशाताईंच्या गावातून ती बाई गेली, त्यांच्यापर्यंत परत येत नाही. त्यांना फक्त खुलासा मागणारं पत्र येतं.

आणखी एक अडचण आपल्या तालुक्याची खास आहे. पालमच्या एका बाजूला नांदेडचा लोहा, दुसऱ्या बाजूला लातूरचा अहमदपूर. सोयरिकी तिकडेच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे नोंदणी सासरी परभणी जिल्ह्यात, बाळंतपण माहेरी नांदेड जिल्ह्यात, आणि लस कुठं टोचली याचा शोध दोन्हीकडे. तामिळनाडूनं या गोंधळावर एक उपाय केला. गरोदरपणाच्या नोंदणीचा क्रमांक असल्याशिवाय मुलाचा जन्मदाखला निघत नाही. त्यामुळे खासगी दवाखान्यात जाणारी बाईसुद्धा सरकारी नोंदीत येते. श्रीलंकेनं तर 1926 मध्ये कळुतरा इथं पहिलं आरोग्य पथक स्थापून गावची सुईण, आरोग्य निरीक्षक आणि डॉक्टर एका कार्यालयाखाली आणले. तिथं गरोदर बाई आणि तिचं मूल यांची काळजी घेणारी गावपातळीवरची बाई एकच असते. आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच केलं. बहुतेक निरक्षर, बऱ्याचशा दलित बायांना त्यांनी शिकवलं आणि बाळंतपण, आहार, पाणी, मुलांचं वजन हे सगळं एकाच बाईच्या हाती दिलं. गावात खाती नसतात, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग पालमला काय करता येईल? मुंबईहून नवा शासन निर्णय येईपर्यंत थांबायची गरज नाही, असं मी म्हणतो. जिल्हा परिषदेची मुदत 2022 मध्ये संपली, पुढे काही वर्षं प्रशासकच होते. त्या काळात आरोग्य समिती आणि महिला व बालकल्याण समिती, जिथं लोकप्रतिनिधी दोन्ही खात्यांना विचारू शकत होते, त्या ओस पडल्या. म्हणून विचारायची जबाबदारी आता गावावर जास्त आहे.

पहिलं काम यादीचं. दर महिन्याला गावात आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस असतोच. सिस्टर येतात, आशाताई असतात, अंगणवाडीतच तो होतो. त्या दिवशी लसीकरण आटोपल्यावर तिघींनी अर्धा तास बसून एकच यादी वाचावी: कोण गरोदर, कुणाचं रक्त कमी, कोणतं मूल घसरलं, कोण माहेरी गेलं, कोण फडावर. आरोग्याच्या आणि अंगणवाडीच्या दोन्ही ॲपमध्ये ती नंतर भरता येईल, पण वही एक असावी. तिघींचे आकडे जुळले नाहीत तर जुळेपर्यंत कुणी उठू नये.

दुसरं काम फडाचं, आणि याबद्दल मला जास्त आग्रहानं बोलायचं आहे. बीड जिल्ह्यात 2019 च्या पाहणीत 82 हजारांवर ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून अधिक बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. तेव्हा महाराष्ट्र हळहळला. ती हळहळ वर्षभरात विरली. या बाया सहा महिने सरकारला सापडत नाहीत, असं सांगितलं जातं. मुकादमाला त्या सापडतात. त्याच्या वहीत प्रत्येक कोयत्याचं नाव आहे, कुठल्या कारखान्यावर, कुठल्या टोळीत, किती उचल, सगळं. पैसे बुडू नयेत म्हणून ती वही ठेवली जाते आणि ती बिनचूक असते. महिला व बालविकास खात्यानं स्थलांतराची नोंद ठेवणारी प्रणाली आणली आहे, महामंडळ ओळखपत्रं देतं. पण टोळी निघण्याच्या आठवड्यात ग्रामसेवक, आशाताई आणि मुकादम एकत्र बसले नाहीत तर त्या नोंदीत उशिरा शिळी नावं पडतात. गरोदर बाईच्या हातात कार्ड, तीन महिन्यांच्या गोळ्या आणि ती जाणार त्या कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचा फोन नंबर देऊनच टोळी हलली पाहिजे. तो नंबर शोधणं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं काम. कारखान्यांची नावं आधीच ठरलेली असतात, दरवर्षी बहुधा तीच.

तिसरं, तालुक्याला एक उत्तर देणारा माणूस. तालुका आरोग्य अधिकारी आणि बालविकास प्रकल्प अधिकारी दोघंही पंचायत समितीच्या आवारातले. गटविकास अधिकारी त्यांना एका टेबलावर बसवू शकतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक त्यांच्या हाताखाली नाहीत. त्यासाठी जिल्हाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी लेखी बांधून द्यावं की अधीक्षकांनीही दरमहा त्या बैठकीला यायचं. विषय एकच: गेल्या महिन्यात पालमहून पुढे पाठवलेल्या प्रत्येक बाईचं आणि बाळाचं काय झालं.

यात सगळ्यात जास्त ओझं समोरच्या बायांवर पडतं, हे मला दिसतंय. आशाताईंना कामाप्रमाणे मोबदला, अंगणवाडीताईंना मानधन, आणि दोघींनाही तीच माहिती चारदा भरायची. समन्वयाच्या नावाखाली त्यांच्या हातात पाचवी वही देऊ नका. एक वही कमी करून द्या. समन्वय झाला की नाही, याची माझ्या लेखी ही खरी परीक्षा.

येत्या 1 मेला गावोगाव ग्रामसभा आहे. टोळ्या तोवर परतलेल्या असतील. आपापल्या गावच्या ग्रामसभेत उभं राहून सरपंचांना, सिस्टरना आणि अंगणवाडीताईंना एकत्र विचारा: गावात आज किती गरोदर बाया आहेत, त्यांतल्या किती फडावरून आल्या, आणि त्यांना रात्री कळा सुरू झाल्या तर फोन कुणाला करायचा? तिघांचं उत्तर एकच येईपर्यंत खाली बसू नका. गावातली ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर असेल, तर तिची बैठक त्याच दिवशी लावा आणि तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.